पलूसचा वाइन पार्क : कृष्णाकाठच्या एका उद्योगाची वाटचाल

महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात गोमुखातून उतरणारी कृष्णा वाई, कऱ्हाड मागे टाकून पलूस तालुक्यात येते, तेव्हा तिचे पात्र ऐसपैस झालेले असते आणि काठची जमीन काळीभोर. नदीलगत ऊस, जरा चढाला लागले की द्राक्षबागा. औदुंबरचे दत्तस्थान, भिलवडी, कुंडल, किर्लोस्करवाडी ही सगळी याच तालुक्यातली नावे. राज्य सरकारने वाइन पार्कसाठी पलूसची निवड केली त्याला ही जमीन कारण होतीच, पण या मुलखाचा स्वभावही तितकाच कारण होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली इथल्या ओसाड माळावर कारखाना आणला आणि शेतकऱ्याच्या हाती लोखंडी नांगर दिला. भिलवडीत १९३९ मध्ये चितळ्यांचा दुधाचा व्यवसाय सुरू झाला. कुंडल परिसरात क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारने परक्या सत्तेच्या नाकावर टिच्चून आपला कारभार चालवला. शेतात पिकते त्यावर गावातच काहीतरी उभे करायचे, ही इथली जुनी खोड आहे. द्राक्षापासून वाइन करायची कल्पना इथल्या लोकांना परकी वाटली नाही ती त्यामुळेच.

महाराष्ट्रात वाइनचा धंदा त्याआधीच रुजू लागला होता. जुन्नर तालुक्यात नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात चॅटो इंडाज ही वायनरी उभी केली आणि फेसाळती वाइन परदेशात पाठवली. नाशिकला राजीव सामंत यांच्या सुलाने शतक बदलता बदलता पहिली बाटली भरली. पण कायद्याच्या नजरेत वाइन आणि कडक दारू एकाच पंगतीला बसलेल्या होत्या. मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा, परवान्यांची वाट बिकट, आणि कर असा की छोट्या माणसाने या धंद्याच्या वाटेला जाऊ नये. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले आणि ही कोंडी फुटली. वायनरीला लघुउद्योगाच्या सवलती मिळाल्या, परवाना सोपा झाला, उत्पादन शुल्क दहा वर्षांसाठी माफ झाले. याच धोरणातून औद्योगिक विकास महामंडळाचे दोन पार्क जन्मले : नाशिक जिल्ह्यात विंचूरला एक आणि आपल्या सांगलीत पलूसला दुसरा, कृष्णा व्हॅली वाइन पार्क. उद्योगखाते तेव्हा पतंगराव कदम यांच्याकडे होते आणि ते याच मातीतले.

पार्क म्हणजे आखलेले रस्ते, पाणी, वीज आणि भूखंड. कागदावर सगळे बरोबर होते. शेतकरी द्राक्ष पिकवील, वायनरी करार करून ते घेईल, शहरातला ग्राहक बाटली विकत घेईल. बागाईतदारांनी शिराझ, कॅबरने सोव्हिन्याँ, शेनँ ब्लां, सोव्हिन्याँ ब्लां अशा परक्या नावांच्या जाती डॉगरिजच्या खुंटावर कलम करून भरल्या. ज्या घरात तीन पिढ्यांत कुणी दारूला शिवले नव्हते, माळकरी माणसे होती, त्या घराच्या बागेतही शिराझचे घड लागले. त्यात कुणाला विसंगती वाटली नाही. पीक होते, करार होता, आणि खाण्याच्या द्राक्षासाठी व्यापारी दर हंगामात जसा नाचवतो त्यातून सुटका होईल अशी आशा होती.

इथे सांगलीची एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पार्कच्या पुढच्या साऱ्या इतिहासाची किल्ली तिच्यात आहे. सांगली जिल्हा हा बेदाण्याचा जिल्हा. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेसमधून निवडलेला तास-ए-गणेश इथला, तासगाव आणि सांगलीचे बेदाण्याचे सौदे देशभर ठाऊक, आणि सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले. खाण्याच्या द्राक्षाचा दर पडला, निर्यातीचा कंटेनर अडला, व्यापारी पळाला, तरी शेतकऱ्याला एक मागचे दार उघडे असते. माल उतरवायचा, डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवायचा, शेडच्या जाळ्यांवर पसरायचा. पंधरवड्याच्या आत बेदाणा तयार, आणि मग शीतगृहात ठेवून दराची वाट बघायची. वाइनच्या द्राक्षाला हे दार नाही. त्याचा मणी लहान, साल जाड, पोटात बिया. तो टोपलीत घालून बाजारात विकता येत नाही आणि त्याचा चांगला बेदाणाही होत नाही. त्याला एकच गिऱ्हाईक, ते म्हणजे वायनरी. तिने पैसे थकवले किंवा माल नाकारला, तर शेतकऱ्याने करायचे काय? नाशिकपेक्षा पलूसचा पार्क मागे का पडला, याची कारणे सांगताना लोक मुंबईपासूनचे अंतर सांगतात, पर्यटकांचा ओघ सांगतात. ती खरीच आहेत. पण माझ्या मते हे बंद दार सर्वांत मोठे कारण होते.

ते किती बंद आहे हे २००८ नंतर कळले. जगभर मंदी आली. नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली. महाराष्ट्रात वाइन गरजेपेक्षा जास्त झाली होती. टाक्या भरलेल्या, बाटल्या गोदामात पडून. नारायणगावची इंडाज कर्जाखाली कोसळली आणि तिच्याशी बांधलेल्या बागाईतदारांचे हाल झाले. त्यातच ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले आणि घाटमाथ्याच्या अलीकडे नाशिक-सांगलीपर्यंतच्या बागा ऐन फुलोऱ्यात भिजल्या. बाजार आणि आभाळ दोन्ही एकाच हंगामात फिरले. त्यानंतर सांगली जिल्ह्यात वाइनच्या बागा मोडल्या गेल्या. कुणी खुंट ठेवून वर पुन्हा खाण्याची जात भरली, कुणी मांडवासकट बाग काढली आणि ऊस लावला. पार्कातही उभ्या राहिलेल्या उद्योगांपैकी सगळ्यांना तग धरता आला नाही. पुढे सरकारने शुल्कमाफी लांबवली, वीस टक्के मूल्यवर्धित करापैकी सोळा टक्के परत देण्याची योजना आणली. तिचा फायदा तगलेल्यांना झाला. मोडलेली बाग मात्र कराच्या परताव्याने उभी राहत नाही. नवी लावली तर पहिले खरे पीक यायला दोन-तीन वर्षे जातात.

वाइनच्या बागेचा हंगाम नेमका कुठे मोडतो, हे शेतीबाहेरच्या वाचकासाठी थोडे सविस्तर सांगतो. युरोपात वेल थंडीत झोपतो, वसंतात उठतो, सप्टेंबरात घड देतो. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून आपण त्याला वर्षातून दोनदा कात्री लावतो : उन्हाळ्यात एप्रिलची खरड छाटणी, जिच्यात पुढच्या वर्षीची काडी आणि तिच्या डोळ्यांतला घड तयार होतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरातली फळछाटणी, जिच्यानंतर माल लागतो. वाइनचे द्राक्ष फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरते. या दुसऱ्या छाटणीची तारीख ठरवणे हा वायनरीच्या वर्षातला सर्वांत मोठा निर्णय असतो, टाकीतल्या कुठल्याही प्रयोगापेक्षा मोठा. लवकर छाटले, तर डोळ्यातून फुटणारा पोंगा आणि फुलोरा परतीच्या पावसात सापडतो. उशिरा छाटले, तर मणी मार्चच्या तापत्या उन्हात पिकतो. साखर भराभर चढते, पण आम्ल जळून जाते आणि वाइन बोथट होते. मधले जे दोन-तीन आठवडे सुरक्षित समजले जात, ते अलीकडच्या वर्षांत पावसाने खाऊन टाकले आहेत.

२०१९चे वर्ष या भागात कुणी विसरणार नाही. ऑगस्टमध्ये महाबळेश्वर, कोयना, पाटण या साऱ्या पाणलोटात पाऊस थांबेना. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट. कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटली आणि माणसे गेली. वाइनच्या इतिहासात त्या घटनेचा उल्लेख कशाला, असे कुणी म्हणेल. पण त्या वर्षी इथल्या माणसाने छाटणीची कात्री हातात घेतली ती कुठल्या मनाने, हे कळल्याशिवाय हंगामाचे वर्णन पुरे होत नाही.

आणि तरीही महापुराने द्राक्ष मारले नाही. पुराने ऊस कुजवला, घरे पाडली, जनावरे नेली. बागा बहुतेक चढावर होत्या. द्राक्ष गेले ते नंतर. ऑक्टोबर सरत आला तरी पाऊस परतेना. अरबी समुद्रात आधी क्यार आणि लगोलग महा अशी दोन चक्रीवादळे झाली. छाटलेल्या बागा पोंग्यातून फुलोऱ्यात येत होत्या. अशा वेळी बागेत शिरून घड हाताच्या ओंजळीत घेतला की वरून हिरवा, तजेलदार दिसतो. हलकासा झटका दिला की फुले आणि ज्वारीच्या दाण्याहून बारीक मणी झरझर तळहातावर पडतात आणि घडाचा नुसता सांगाडा देठावर राहतो. ही गळकूज. पान उलटून पाहावे, तर खालच्या बाजूला दावण्याची पांढरी बुरशी बसलेली. फवारणी करावी म्हणून ब्लोअर आत घालावा, तर ओळीत चिखल इतका की ट्रॅक्टर रुततो. मग माणसे पाठीवर पंप घेऊन रात्री-अपरात्री फवारतात, आणि तासाभराने पुन्हा सर येऊन औषध धुऊन नेते. त्या नोव्हेंबरात राज्यात राष्ट्रपती राजवट होती. राज्यपालांनी मदत जाहीर केली : खरीप पिकांना हेक्टरी आठ हजार आणि फळबागांना हेक्टरी अठरा हजार रुपये. म्हणजे एकरी साडेसात हजारही नाहीत. द्राक्षाच्या एका एकराचा हंगामी खर्च लाखांत मोजला जातो. पुढे मार्चमध्ये, उरलासुरला माल तोडणीला आला आणि टाळेबंदी लागली.

अशा वर्षी वायनरीने काय करायचे, हा प्रश्न जगातल्या प्रत्येक द्राक्षमुलखाने सोडवलेला आहे, आणि आपल्याकडेही तो सुटू लागला आहे. लाल वाइनला साल पूर्ण पिकलेली, निरोगी लागते, कारण तिचा रंग, तुरटपणा, अंग सारे सालीतून येते. रस सालीबरोबर आठवडा-दोन आठवडे टाकीत आंबतो, आणि वर तरंगून आलेला सालींचा थर दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो. घडात कूज असेल, तर तीही तितकेच दिवस रसात भिजते. बुरशीबरोबर येणारे एक विकर (एन्झाइम) रंगाला तपकिरी करून टाकते आणि वास मळका होतो. म्हणून पावसाच्या वर्षी शहाणा वाइनकर्ता हट्ट सोडतो. शिराझ बावीस-चोवीस ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे माप) थांबवण्याऐवजी एकोणीस-वीसला, आम्ल टिकून असतानाच पहाटे तोडून घेतो. कुजके मणी बायका टेबलावर कात्रीने काढून टाकतात. खाण्याच्या द्राक्षाची विरळणी आयुष्यभर केलेले ते हात या कामात कुठल्याही यंत्राला हार जाणार नाहीत. मग रस सालीवर जेमतेम काही तास ठेवून दाबून घेतला, की गुलाबी रोझे मिळते : हलकी, आंबूस, थंड करून प्यायची, आपल्या उन्हाळ्याला आणि आपल्या तिखटाला मानवणारी. त्याहून लवकर तोडलेली शेनँ ब्लां फेसाळत्या वाइनला जाते, कारण तिथे कमी साखर आणि चढे आम्ल हेच गुण ठरतात.

या वाइन कमअस्सल असतात, असे मी मानत नाही. उलट मला वाटते की सुरुवातीच्या वर्षांत आपण चुकीच्या बाटलीमागे धावलो. बोर्दोसारखी भारदस्त लाल वाइन करून दाखवायची, या ईर्ष्येत आपल्या हवेला काय सहज जमते, हे विचारायचे राहून गेले. अकलूजजवळच्या मोटेवाडीला मोहिते-पाटील बंधू आणि इटालियन भागीदारांच्या फ्रातेल्ली वायनरीने सांजोव्हेजे ही इटलीची जात लावून तिला नाव मिळवून दिले. पण तो पर्जन्यछायेतला, कोरडा मुलूख आहे. घाटाच्या इतक्या जवळ, कृष्णेच्या ओलाव्यात तेच तसेच करायला जाणे बरोबर नव्हे. इथे हवी दावण्याला न बधणारी जात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुजाता तेताली यांनी कटावबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून एआरआय-५१६ ही जात तयार केली आहे. बुरशीला ती सहसा दाद देत नाही, साधारण ११० ते १२० दिवसांत तयार होते आणि रस, बेदाणा, लाल वाइन, तिन्हीला चालते. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांच्या संकरातून मांजरी मेडिका आणली. तिचा गरच गडद लाल, त्यामुळे रंगासाठी सालीवर अवलंबून राहावे लागत नाही. एआरआय-५१६ बेदाण्यालाही चालते, ही एक ओळ सांगलीच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. मघाशी म्हटलेले मागचे दार तिथे उघडे आहे.

आता पुन्हा नदीच्या उगमाकडे जाऊ. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. देशातली बहुतांश स्ट्रॉबेरी याच दोन गावांभोवतीच्या लाल मातीत पिकते. तिचेही पंचांग पावसाने विस्कटले आहे. परदेशातून आलेल्या मातृरोपांपासून पावसाळ्यात रनर, म्हणजे नवे फुटवे, तयार करायचे, पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यांवर मल्चिंग पेपर अंथरून लावायचे, नोव्हेंबरपासून फळ तोडायचे, असा तिचा क्रम. २३ जुलै २०२१च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस कोसळला. शेते वाहून गेली, आंबेनळी घाट तुटला, आणि खाली सांगलीत कृष्णा पुन्हा पन्नास फुटांच्या वर गेली. त्याच वर्षी डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस झाला, तेव्हा फळ नुकतेच रंगावर येत होते. स्ट्रॉबेरीला साल म्हणावी अशी सालच नाही. भिजलेले फळ दुसऱ्या दिवशी करड्या बुरशीने लपेटले जाते. त्याआधी काढले तरी मुंबईचा प्रवास त्याला सोसत नाही. असे मऊ पडलेले, वेडेवाकडे, पण चवीला चांगले फळ जॅम आणि सरबताला जाते. १९५९ पासून पाचगणीत मॅप्रोने हीच वाट घालून दिली.

त्या फळाची वाइनही होते, आणि पुण्याजवळच्या रिदमसारख्या छोट्या वायनरीने ती बाजारात आणली आहे. द्राक्षापेक्षा हे काम अवघड. स्ट्रॉबेरीत साखर सात ते नऊ ब्रिक्स. तेवढ्यावर वाइन अंग धरत नाही, म्हणून साखर घालावी लागते. पेक्टिन भरपूर, त्यामुळे रस गढूळ आणि बुळबुळीत राहतो. तो विकर घालून मोडावा लागतो, नाहीतर गाळणी तुंबते. आंबवण थंड ठेवावी लागते, सोळा-सतरा अंशांच्या आसपास, कारण जरा गरम झाली की जो वास हवा तोच उडून जातो. आणि रंग टिकत नाही. ताजी असताना माणकासारखी दिसणारी ही वाइन काही महिन्यांत विटकरी छटेकडे झुकते. ती साठवून मुरवायची नव्हे, वर्षाच्या आत प्यायची. हे सगळे सांभाळले, तर पेल्यात चक्क पाचगणीच्या शेताचा वास येतो.

सरकारने २७ जानेवारी २०२२ रोजी हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि तो वादातच अडकला. विरोध करणाऱ्यांची काळजी खोटी नव्हती. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्या प्रत्येक गावात आहेत. ती घरे डोळ्यांपुढे ठेवूनच या धंद्याने आपली जागा मागितली पाहिजे. मला त्यावेळी एकच खंत वाटली : चर्चा दुकानावर झाली, बागेवर झाली नाही.

पलूसच्या पार्काचा प्रश्न माझ्या दृष्टीने बागेचा आणि टाकीचा आहे. वायनरीतल्या स्टीलच्या टाक्या, थंड करणारी यंत्रे, दाबयंत्र यांत मोठे भांडवल अडकते आणि द्राक्ष आत येते ते फेब्रुवारी-मार्च एवढेच. वर्षाचा मोठा भाग आवकीचे काम थांबलेले असते. स्ट्रॉबेरीचा गर गोठवून ठेवता येतो, तो मे संपल्यावरही आंबवता येईल. जूनमध्ये घाटातले जांभूळ तयार होते, तेही वाइनला उत्तम. महाबळेश्वर ते पलूस हे अंतर शीतवाहनाच्या दृष्टीने एका दिवसाचेही नाही. वरच्या शेतकऱ्याचे भिजलेले फळ आणि खालच्या बागाईतदाराचे गळकुजीतून वाचलेले घड एकाच छपराखाली आणणारी, दोन्ही तालुक्यांतल्या उत्पादकांची भागीदारी असलेली एखादी सामायिक वायनरी या पार्कात उभी राहावी, छाटणीच्या तारखा आणि पावसाच्या नोंदी तिच्याकडे वर्षानुवर्षे लिहिल्या जाव्यात, आणि करारात दर ठरवताना पावसाच्या वर्षाचे वेगळे कलम असावे. भूखंड आहेत, रस्ते आहेत, पाणी आहे, आणि फळछाटणी करणारे जाणते हात अजून याच गावांत आहेत.